मोठे टायर, जुना काटा

मंडळी, आज थोडक्यात वाचलो.

परवा ट्रकला मागं मोठे टायर टाकले. बायकोनं हळदीकुंकू लावलं, मी नारळ फोडला, चाकाखाली लिंबू चिरडलं. टायरवाला म्हणला, "मीटर सेट करून घ्या, मागच्या धुऱ्यातलं क्राऊनचं दातेरी चाकबी बदला, न्हाईतर गाडी चढाला वढणार न्हाई." म्हणलं, बघू सवडीनं.

आज सोयाबीन भरून चारठाण्याहून परभणीला निघालो. बायको शेजारी. चढाला गाडी खरंच वढंना, म्हणून सपाटीला दाबली.

झरीच्या अलीकडं ती मोबाईलवरचा नकाशा बघून म्हणली, "आवो, ह्याच्यात सत्तर दाखवायलंय."

"मोबाईल येडा हाय. काटा बघ, साठवर हाय."

तेवढ्यात शेतातून कापसाची ट्रॉली रस्त्यावर आली. नेहमीच्या अंदाजानं ब्रेक दाबला, तर गाडी थांबायचं नावच घेईना. बायकोनं डोळे मिटले. ट्रॉली वीतभर राहिली तवा थांबली.

मोठं चाक एका फेऱ्यात जास्त पळतं, मीटर मात्र जुन्याच चाकाचा हिशोब सांगतं. थांबल्यावर काटा शून्यावर आला. सकाळपासून तेवढंच खरं बोलला.

मोठे टायर टाकणाऱ्यांनो, लिंबू-नारळ तर समद्यांनीच केलं असंल. मीटर कुणी सेट केलं?