टॅबीनं गाडी थांबवली

टॅबिथा अनवाणी धावत आली तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी घराला आग लागली. हातात फोन होता आणि तो ती माझ्या नाकासमोर असा नाचवत होती की एक अक्षर वाचता येईना.

"घेतलं, मावशी! मला घेतलं!"

"अगं, कुणी घेतलं? कशाला घेतलं?"

"भूल देण्याच्या शिक्षणाला! दुसऱ्या खेपेला का होईना, पण घेतलं!"

मग मीही ओरडले. आमच्या सिकॅमोर खोऱ्यात आवाज डोंगरावर आपटून परत येतो, त्यामुळे पाच मिनिटांत वरच्या वळणापासून खालच्या पुलापर्यंत सगळ्यांना बातमी कळली. केंटकीच्या या डोंगरात भूल देणारा डॉक्टर औषधालाही सापडत नाही. इस्पितळात भूल देतात त्या नर्सच. आमच्याकडे दोघी होत्या, त्यातली एक निवृत्त झाली होती. टॅबी सहा वर्षं अतिदक्षता विभागात नर्स होती. आता आपली पोर त्या खुर्चीत बसणार म्हटल्यावर मला गगन ठेंगणं झालं.

आपली पोर म्हणजे माझ्या पोटची नव्हे, माझ्या गाडीतली. चौतीस वर्षं मी शाळेची गाडी चालवली. टॅबी वरच्या वळणावर चढायची, रोज शेवटची, बुटाच्या नाड्या लोंबकळत. माझा नियम एकच. आरशात एकेक तोंड बघायचं आणि विचारायचं, "नीट बसलात? मग निघूया." सगळे बसल्याशिवाय गाडी हलत नाही. उशीर होतो म्हणून एकदा मुख्याध्यापकांनी मला खडसावलं. मी म्हटलं, मग किल्ली घ्या आणि तुम्हीच चालवा. परत त्यांनी तोंड उघडलं नाही.

शिक्षण तीन वर्षांचं. त्या काळात नोकरी करायची सोय नाही, कॉलेज घरापासून चार तासांवर, राहायला भाड्याची खोली. मुलगी रेमी दोन वर्षांची. नवरा क्लिंट विजेच्या तारा ओढणारा, खांबावर चढायला भिणार नाही, पण लेकीची वेणी घालायची म्हटली की घाम फुटायचा. शेवटी शेजारच्या घोडीच्या शेपटीवर हात बसवून तो शिकला. रेमीची वेणी नंतर झकास यायची, घोडी मात्र त्याला बघितलं की पाठ फिरवायची.

टॅबी दर शनिवारी यायची, रविवारी संध्याकाळी जायची. येताना माझ्या ओसरीवर थांबायची ती माझ्या डोक्यासाठी. बेशुद्ध माणसाची मान कशी मागे करायची, जबडा कसा पुढे उचलायचा, याचा सराव ती माझ्यावर करायची.

"मावशी, तुम्ही बेशुद्ध आहात. बोलायचं नाही."

"मग तू मला हसवू नकोस."

एका शनिवारी मात्र ती आली आणि नुसती पायरीवर बसली. आदल्या रात्री फोनवर रेमीनं तिला सांभाळणाऱ्या आजीला 'आई' म्हटलेलं तिनं ऐकलं होतं. ती रडली. मला एवढं वाईट वाटलं की मी तिच्यावरच खेकसले. "लेकरू आहे ते. उद्या घोडीलाही आई म्हणेल. तू शिक्षण सोडून आलीस तर पोर मोठी होऊन काय म्हणेल, त्याचा विचार कर आणि पुस्तक उघड." तिनं नाक पुसलं आणि उघडलं.

दुसऱ्या वर्षी घोडं अडलं. श्वासनळीत नळी घालताना ओळीनं तीनदा तिचा हात चुकला आणि शिकवणाऱ्या माणसानं सगळ्यांदेखत ती तिच्या हातातून काढून घेतली. पुढे हात बसला, पण मनात भीती बसली ती बसलीच. प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची, रोग्याला दहा प्रश्न विचारायचे. सर्जन वैतागायला लागले. शेवटच्या वर्षी लेखी ताकीद आली. उशीर केल्याची आणखी एक तक्रार आली तर नाव कमी होईल. तीन वर्षं, रेमीचं बोबडं बोलणं, क्लिंटच्या वेण्या, सगळं पाण्यात.

आणि शेवटचे सहा आठवडे तिला कुठे पाठवलं? आमच्याच इस्पितळात! मी आनंदानं वेडी झाले. तिच्यावर देखरेखीला होत्या प्रुइटबाई, ओहायोच्या, कधी न हसणाऱ्या. त्याच सुमारास माझ्या पित्ताशयातल्या खड्यांनी उचल खाल्ली. ऑपरेशन ठरलं. पाच आठवडे मी पोट धरून त्या तारखेची वाट बघितली.

इस्पितळातून फोन आला होता की मध्यरात्रीनंतर काही खायचं नाही. मी शब्द पाळला. पहाटे पाच वाजता उठले आणि फक्त माझा नेहमीचा ग्लास घेतला. ताकात कुस्करलेला मक्याचा पाव. आमच्याकडे ते खाणं नव्हेच. माझे वडील खाणीतून आले की तो ग्लास रिचवायचे आणि मग विचारायचे, "जेवायला काय आहे?" आठ वाजता मी इस्पितळाचा गाऊन घालून खाटेवर हजर. काही खाल्लंय का, म्हणून तिघांनी विचारलं. तिघांना ठणकावून सांगितलं, "काही नाही."

चौथी आली टॅबी. निळी टोपी, गळ्यात स्टेथोस्कोप. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"मावशी, सकाळी काही पोटात गेलंय?"

"अगं, नाही म्हटलं ना. उपाशी आहे मी."

"ताक? दूध?"

माझी जीभ अडखळली. तेवढ्यात दारातून माझं ऑपरेशन करणारे डॉक्टर बर्डेट घड्याळाकडे बघत म्हणाले, "अजून किती प्रश्न? माझी पाच ऑपरेशनं आहेत." मला ती ताकीद आठवली. हिनं आता थांबवलं तर हिचंच नाव कटणार. मी पटकन म्हटलं, "पाणी प्यायले गं. नुसतं पाणी."

टॅबीनं मान हलवली. माझ्या पायावर पांघरूण नीट करत सहज म्हणाली, "ग्लास आणि चमचा तसाच सिंकमध्ये टाकून आला असाल ना? क्लिंटला सांगते धुवायला."

"हो गं, घाईत चमचा ग्लासातच राहिला."

तिनं वर माझ्याकडे बघितलं. मीही तिच्याकडे बघायला लागले. चौतीस वर्षं पोरांच्या थापा पकडणारी मी, माझ्याच पोरीनं मला चमच्यावर पकडलं!

"डॉक्टर," ती वळून म्हणाली. "आज यांना भूल देता येणार नाही. यांच्या पोटात अन्न आहे."

"त्यांनी चौघांना नाही सांगितलंय!" डॉक्टर कडाडले. "प्रुइटबाई, तुमची विद्यार्थिनी पुन्हा तेच करतेय. मला हे लिहून द्यावं लागेल."

प्रुइटबाई आत आल्या. एकदा टॅबीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "टॅबिथा, तुला खात्री आहे?"

"आहे. गुंगीत अन्न उलटून फुप्फुसात गेलं तर या घरी जाणार नाहीत." तिचे डोळे भरले होते, पण ती जागची हलली नाही. "सगळे नीट बसल्याशिवाय गाडी हलवायची नाही. हे मी यांच्याकडूनच शिकलेय."

तिला वाचवायला म्हणून मी खोटं बोलले होते, आणि तेच खोटं तिला बुडवत होतं. मी खाटेवर ताठ उठून बसले.

"पोरीला काही बोलू नका. मी खोटं बोलले. ताकात मक्याचा पाव कुस्करून खाल्लाय, पहाटे पाचला. मोठा ग्लास भरून."

"पाव किती?" प्रुइटबाईंनी विचारलं.

"दोन जाडजूड तुकडे. आणि ग्लास पुसून काढायला अजून अर्धा."

डॉक्टर बर्डेट ओरडले, "बाई, तुम्ही मेला असता!"

"म्हणूनच सांगतेय ना, तिला शिक्षा करू नका!"

प्रुइटबाई शांतपणे म्हणाल्या, "ऑपरेशन पुढच्या मंगळवारी. आणि डॉक्टर, लिहायचं ते मी लिहीन." त्या संध्याकाळी टॅबीच्या कागदावर त्यांनी लिहिलेलं तिनं मला फोनवर वाचून दाखवलं, तेही तीनदा: 'या विद्यार्थिनीनं आज एक जीव वाचवला. उशीर योग्य होता.' मी फोन कानाला धरूनच स्वयंपाकघरात नाचले, पित्ताशय दुखत होतं तरी. तेव्हापासून त्या इस्पितळात प्रत्येक रोग्याला विचारतात, "ग्लासात चमचा होता का?" ओहायोच्या बाईंनी स्वतः हा प्रश्न फळ्यावर लिहिलाय.

मे महिन्यात टॅबी पास झाली. चर्चबाहेरच्या सुट्या अक्षरांच्या पाटीवर तिचं नाव मी स्वतः शिडीवर चढून लावलं. रेमी खालून एकेक अक्षर देत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "ही माझी आई आहे." पण मला विचाराल तर टॅबी पास झाली ती त्याआधीच, त्या मंगळवारी.

मी कडकडीत उपाशी होते. वर पांढरे दिवे होते आणि खरं सांगते, मी घाबरले होते. टॅबी माझ्या डोक्याशी उभी होती. तिनं माझी मान मागे केली, ओसरीवर करायची तशीच, आणि मास्क नाकावर ठेवला. हात जराही हलत नव्हता. तिनं एकदा पडद्यावर बघितलं, एकदा माझ्या तोंडाकडे.

"मावशी, नीट बसलात?"

"बसले गं, टॅबी."

"मग निघूया."