थंड रेणू आणि मामांचा कूलर

प्रयोगशाळेत रेणू थंड करून त्यांच्या टकरी तपासायच्या, हे माझं काम. उन्हाळ्यात जुळे सोलापूरला मामांकडं गेलो. चारचौघांत पाणउतारा करायची मामांना हौसच. पाहुण्यांसमोर बंद पडलेला कूलर माझ्यापुढं सरकवून त्यांनी हातात पक्कड दिली. "थंड करायचंच शिकलास की, कर चालू!"

मी सांगितलं, रेणू थंड झाले की सावकाश होतात. घाईत न कळणारी त्यांच्यातली ओढ मग टकरीत दिसते.

"म्हंजे कूलर येत न्हाय," मामा म्हणाले. सगळे हसले. मी पक्कड फरशीवर आपटून निघालो.

आता लग्नकार्यात समोरासमोर येतो, तेव्हा दोघंही थंड असतो. अगदी सावकाश जवळून जातो. आणि स्वच्छ दिसतं, ओढ कधी नव्हतीच.