बयाबाईने टोचन नाकारलं

नाशिकच्या पेठ नाक्यावरच्या जीपवाल्यांनी बयाबाई भोयेला कधी ड्रायव्हर म्हटलं नाही. 'केरूची बायको' म्हणायचे. केरू तिचा नवरा, नाशिक–पेठ लायनीवरच्या एका काळ्या-पिवळ्या जीपचा मालक. शहाण्णव साली त्याच्या डाव्या गुडघ्याने दगा दिला, क्लच दाबवेना. तेव्हा किल्ली बायकोला देऊन तो गावी ओट्यावर बसला आणि सल्ले द्यायला लागला. सहा वर्षं शेजारी क्लीनर म्हणून बसलेल्या बाईला सल्ले नको होते, हे त्याला सोडून साऱ्या लायनीला माहीत होतं. लायसन्स तिने पहिल्या खेपेत काढलं. नाक्याचा अध्यक्ष निवृत्ती तिसऱ्या खेपेत पास झाला होता. तो हे सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

नाक्यावर जीपचे नंबर लागायचे आणि कायदा एकच, पण कडक. ज्याच्या गाडीला घाटात टोचन लागेल, म्हणजे दोर बांधून दुसऱ्या गाडीने ओढावी लागेल, त्याचा नंबर कायमचा कापायचा. आपली पाळी आली तेव्हा गाडी तयार उभी नसेल, तरी तेच. त्यात निवृत्तीचा मेव्हणा नवी कोरी जीप घेऊन नंबर सुटायची वाट बघत बसलेला. निवृत्तीचा डोळा कुणाच्या नंबरावर होता, ते शेंबडं पोरही सांगेल.

जीपचा क्लच तेलावर चालतो. पेडल दाबलं की वरच्या सिलिंडरातलं तेल नळीतून खाली जातं आणि गिअरबॉक्सजवळचा खालचा सिलिंडर क्लचचा दांडा ढकलतो. खालच्याला इंग्रजीत गुलाम म्हणतात. हुकूम वरून सुटायचा, ढकलाढकल याने करायची. बऱ्याच घरांत असंच असतं. बयाबाईचा खालचा झिरपत होता. ती आठवड्याला ब्रेक ऑइल टाकून भागवत होती, क्लचलाही तेच लागतं. नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत एका रविवारी डबी संपली. बाई पाण्याला गेलेली. केरूला वाटलं, आपणही हातभार लावू. त्याने घरचं खुरासणीचं तेल ओतलं. त्यांच्याकडे ते भाजीला चालतं, डोक्याला चालतं, सायकलच्या साखळीलाही चालतं, मग क्लचने काय घोडं मारलं होतं?

दोन दिवस चाललंही. मंगळवारी सकाळी पेठहून नाशिकला येताना, सावळघाटाच्या चढावर, पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. गाडी बंद. खाली वाकून बघितलं तर तेलाची धार.

मागून निवृत्ती आलाच. उतरला, सीटखालून दोर काढला.

"वहिनी, बांधू का? आपलं माणूस म्हणून इचारतो."

"दोर ठेवा, भाऊ. घरी बैलाला व्हईल."

"क्लच नाय अन् चढ चढणार?"

"बघा की. तिकीट नाय लावलं."

तिने पॅसेंजर उतरवले. बंद गाडीला पहिला गिअर टाकला, ब्रेकवर पाय ठेवून किल्ली फिरवली आणि पाय उचलला. स्टार्टर कण्हला, गाडीने दोन हिसके खाल्ले, इंजिन लागलं आणि जीप गोगलगायीसारखी चढायला लागली. थांबायची सोय नव्हती. थांबली तर परत तेच. मग पॅसेंजर चालत्या गाडीत एकेक चढले. सत्तरीच्या गोजराबाईला तर निवृत्तीच्याच गाडीतल्या दोघांनी उचलून आत बसवलं. त्याचं तोंड बघायला मी तिथे नव्हतो, ही हळहळ आजही आहे. पुढे इंजिनाचा आवाज ऐकून बाईने क्लचशिवाय गिअर बदलले आणि साडेअकराला नाका गाठला.

निवृत्ती पाठोपाठ आला. "टोचन नाय लागलं, मान्य. पण चारला तुमचा नंबर. तेव्हा गाडी अशीच असली तर कापणार."

नाक्यावरचा मिस्त्री म्हणाला, परवा ये. निवृत्तीच्या मांडीला मांडी लावून चहा पिणारा माणूस आज कसा मोकळा असणार?

बाई रिक्षाने द्वारका चौकात, पार्टच्या दुकानात गेली. नवा खालचा सिलिंडर, वरच्याचं रबर, नळी धुवायला आणि भरायला ब्रेक ऑइल घेऊन आली. पदर खोचला आणि गाडीखाली शिरली. नळीचा नट सोडला, दोन बोल्ट काढले, जुना सिलिंडर हातात आला. आतलं रबर भिजवलेल्या वालासारखं फुगलेलं. वास सुटला तसा एक ड्रायव्हर म्हणाला, "निवृत्तीभाऊ, कांदा चिरा, फोडणी तयार हाय." वरचं रबरही तसंच. नवा सिलिंडर बसवला, वरचं रबर बदललं, नळी धुतली. तीन वाजले.

राहिली नळीत शिरलेली हवा काढायची. त्याला माणसं दोन लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खालच्या सिलिंडरचं निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, सैल करून हवा जाऊ द्यायची आणि निपल आवळल्यावरच पेडल सोडायचं. तिने आठ ड्रायव्हरांकडे बघितलं. आठही जण आकाशातले ढग मोजायला लागले. फेब्रुवारीत ढग!

"मी दाबते," गोजराबाई म्हणाली. बाजार करून येऊन जीपच्या सावलीत बसली होती. "जलमभर उखळात भात सडला, ह्ये काय लय हाय?"

म्हातारी ड्रायव्हरच्या जागी बसली. खालून आवाज यायचा, "दाब... धर... सोड." पाच-सहा वेळा झाल्यावर म्हातारीच हुकूम सोडायला लागली. "आवळलंस का गं? मंग सांग ना." बुडबुडे संपले, निपलातून नुसतं तेल आलं, पेडल टणक झालं.

चारला पुकारा झाला. निवृत्तीने नंबर पुकारला, पण असा, की त्याच्याच कानाला ऐकू जावा. सकाळचे सगळे पॅसेंजर बयाबाईच्याच जीपमध्ये बसले होते.

नाक्यावरून हमरस्त्याला लागताना छोटा चढ आहे. निवृत्ती तिथेच उभा होता. बाईने गाडी बरोबर त्याच्यापुढे आणली, ब्रेकवरचा पाय काढला आणि अर्ध्या क्लचवर, म्हणजे पेडल अर्धंच सोडून, तोलून धरली. ना पुढे, ना मागे. मग खिडकीत कोपर टेकवून निवांत विचारलं,

"मेव्हणा बराय ना, भाऊ?"

"क्लच जाळशील," निवृत्ती पुटपुटला.

"जळू दे. माझा हाय."

आणि पुरतं मिनिटभर ती तशीच बोलत राहिली.