नाहीबाई आणि गुलाबी पडदा

रक्तपेढीत त्यांना सगळे नाहीबाई म्हणतात. नवऱ्याला तरी 'हो' कशा म्हणाल्या, देव जाणे! घरी सासूबाई त्यांना भाजी निवडू देत नाहीत, निम्मी फेकून देतात म्हणे. पण बाईंचं कामच तसलं. रक्त चढवायला देण्याआधी पिशवी खिडकीशी धरून बघायची. खाली लाल साका, वर पिवळसर पाणी, तर ठीक. पाणी लालसर दिसलं, की आतल्या पेशी फुटल्या. पिशवी बाद.

त्या दुपारी बाईंचे पाय भरून आले होते. वर ऑपरेशन चाललेलं, पेशंटच्या गटाची एकच पिशवी उरलेली, आणि त्याची मुलगी दारात उभी. बाईंनी पिशवी उजेडात धरली.

पाणी गुलाबी!

मग लक्ष गेलं स्वतःच्या पांढऱ्या बाहीकडे. तीही गुलाबी. खिडकीला नवाकोरा गुलाबी पडदा!

"मावशी, हे काय?"

"तुम्हाला ऊन लागतं ना, म्हणून घरून आणला," सफाईच्या मावशी खुशीत. "छान दिसतो की नाही?"

"दिसतो हो! रक्तसुद्धा लाजायला लागलं."

बाईंनी हसतच पडदा सारला. जीव भांड्यात पडायचाच बाकी होता. बाही पांढरी झाली, शेजारी धरलेली दुसऱ्या गटाची पिशवी पिवळी झाली. ही मात्र तश्शीच गुलाबी.

"थोडंसंच लालसर आहे ना, ताई?" मुलगी काकुळतीला आली. "द्या ना."

"नाही गं बाळा. असलं रक्त त्यांना बाधेल."

"तुमचे बाबा असते तर?"

बाईंनी फोन उचलला. दुसऱ्या रक्तपेढीला लावला. "हो हो, नाहीबाईच बोलतेय. चेष्टा नंतर करा, आधी पिशवी पाठवा." मग वरच्या डॉक्टरांची बोलणी खाल्ली, मुकाट्याने.

पिशवी आली. गट जुळवला, पुन्हा खिडकीशी धरली. पिवळंधमक पाणी.

"पळ!"

मुलगी पिशवी घेऊन पळाली. वळून बघितलंसुद्धा नाही. बघेल कशाला, बाप वर टेबलावर!

संध्याकाळी वरून निरोप आला, पेशंट सावरला. "बरं," एवढंच बाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसकण मारली.

मावशी हिरमुसून उभ्या. "पडदा काढू का, बाई?"

"नाही," सवयीनं तोंडून निघून गेलं. मग बाईंनी डोळे मिटले. "काढा हो. पण आत्ता नको, जरा वेळ ऊन अडू दे."