वरातीतली घोडी, मोकळ्या शेतात

माझा खांदा आखडला, तेव्हा मी पेणमध्ये एकटाच खोली घेऊन राहत होतो. डोलवीला कंपनीत शिफ्ट करायची, घरी येऊन कुकर लावायचा, झोपायचं. बायको गेल्यापासून कधी कधी दिवसभरात माझा आवाज मलाच ऐकू येत नसे. फोटो काढणं तेवढं उरलं होतं. पण जड लेन्स उचलवेना, म्हणून ती देऊन टाकली आणि वजनाला हलकी झूम लेन्स घेतली.

सुट्टीच्या दिवशी रोह्याची गाडी धरून मी निडीला उतरायचो. हिवाळ्यातल्या एका सकाळी कापणी झालेल्या शेतात एक पांढरी घोडी मोकळी दिसली. दुसऱ्या टोकाला साठीच्या एक बाई भिजवलेल्या हरभऱ्यांचं टोपलं घेऊन उभ्या होत्या.

"ये गो, ये!" त्यांनी हाक मारली आणि घोडी सुसाट निघाली. मी बटण दाबत राहिलो. घरी येऊन पाहिलं, तर एकही फोटो धड नव्हता. पाय म्हणजे नुसता धूर.

पुढच्या सुट्टीला परत गेलो. बाईंनी ओळखलं.

"आले काय फोटो?"

"नाही मावशी. हलले सगळे."

त्यांनी ओटीवर चहा दिला. त्यांचा नवरा वरातीला घोडी द्यायचा. तो वारला, मुलगा कंपनीत लागला. आता घाटावरचा एक माणूस घोडी नेणार होता.

"घरात फोटो लय हायेत," त्या म्हणाल्या. "पण सगल्यात नवरदेव. झूल, गोंडे. ही पलते कशी, त्याचा एक पन नाय."

मग मी नादाला लागलो. हलक्या लेन्सची अडचण अशी, की लांबचं जवळ आणलं की ती उजेड कमी घेते. कोवळ्या उन्हात शटर मंद पडायचं आणि घोडी पुसली जायची. मी ऊन चढेपर्यंत थांबू लागलो. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर नेलं. त्यासाठी कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवावी लागली आणि फोटोला रवाळपणा आला, तो चालवून घेतला. समोरून धावत येणारी घोडी फोकसला सापडेना, म्हणून बांधाच्या बाजूला उभा राहिलो आणि ती निघाल्यापासूनच कमरेतून वळत कॅमेरा तिच्याबरोबर फिरवू लागलो. लेन्स हलकी असल्यामुळे खांदा तक्रार न करता वळायचा.

घोडी जायच्या आदल्या रविवारी मावशींनी परत हाक मारली. चारी पाय जमिनीवरून सुटलेले, कान पुढे, आयाळ मागे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघतानाच कळलं, की हा साधला.

पेणमध्ये मोठी प्रत काढून नेली. मावशींनी ती उन्हात धरून बराच वेळ पाहिली.

"एकटीच दिसते," त्या म्हणाल्या.

"तुम्ही चौकटीबाहेर राहिलात मावशी. दुसरा एक आहे, त्यात तुम्ही आहात, पण घोडी जरा हललीय."

"नको. हाच दे. मी कुठं उभी होते, ते मला ठाव हाय."

घोडी टेम्पोत चढवली त्या दिवशी माझी शिफ्ट होती. नसती तरी मी गेलो असतो की नाही, सांगता येत नाही. त्यानंतरच्या सुट्टीला निडीला गेलो, तर घराला कुलूप. मावशी लेकीकडे रोह्याला गेल्या, असं शेजारणीनं सांगितलं. मी रिकाम्या शेताकडे थोडा वेळ पाहिलं आणि कॅमेरा पिशवीतून न काढताच स्टेशनवर येऊन बसलो.

बऱ्याच महिन्यांनी मावशी रोह्याच्या बाजारात भेटल्या. भाजी घेत होत्या, बारीक झाल्या होत्या.

"काडतोस काय रं फोटो अजून?"

"काढतो. बगळ्यांचे."

"बगले काय, हाक मारली तर उलट पलतात," असं म्हणून त्या हसल्या. मग जेवूनच जा म्हणाल्या. मी त्यांच्याबरोबर गेलो.