इवायांच्या दारावरचा डबा

जगातल्या तमाम दुष्ट शक्तींसमोर एकट्याने उभा ठाकलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे इवाई, म्हणजे मुलीचे सासरे. ते अंबडला राहतात आणि घरात लुंगी नेसतात. उभी नोकरी कोर्टात बेलीफ म्हणून केली. लोकांच्या दारात समन्स घेऊन उभं राहण्यात उमर गेली, म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच्या दारावर पहारा बसवला. भंगारातला कॉम्प्युटर आणून त्याचाच राउटर आणि फायरवॉल केला. घरात येणारं-जाणारं सगळं इंटरनेट त्या उघड्या डब्यातून जाई, आणि ज्याची ओळख पटली नाही ते बाहेरच राही. एकदा टीव्हीला कोंडलं. तो कुठल्याशा परदेशी पत्त्यावर गुपचूप बोलतो म्हणे. माझ्या जावयाची, म्हणजे त्यांच्याच मुलाची, ऑफिसची मीटिंगही अशीच अडवली. पोटचा असला तरी बराबर तपासणी व्हायला पाहिजे, असं त्यांचं मत पडलं.

रोज दुपारी ते जोडलेल्या उपकरणांची यादी स्क्रीनवर उघडत आणि कोर्टाच्या दारातून पक्षकारांना पुकारावं तसा एकेकाचा पुकारा करत. टीव्ही हाजिर, फोन हाजिर. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू दाबत बसलो होतो. मग चार वाजता यादीत आणखी एक नाव उमटलं: सुमन. सुमनताई, माझ्या विहीणबाई, जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. इवाई आवाज न बदलता म्हणाले, "सुमन, हाजिर." पाच मिनिटांनी ते नाव गेलं. बाहेर ऊन रखरखत होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला.

विचारल्यावर त्यांनी लाकडी कपाट दाखवलं. साड्यांच्या घडीवर तिचा फोन, चार्जिंगला लावलेला. "मीच चार्ज करून राह्यलो रोज," म्हणाले. दिवसभर तो मुका असतो, चारलाच जागा होतो. का, ते त्यांना माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची घाईही नव्हती. बेलीफने नोटीस बजावायची, कारण विचारायचं नाही.

पण डबाच मरायला टेकला. पंखा अडकायचा, वायफायचं कार्ड तापून बंद पडायचं, आणि हार्ड डिस्क अशी टकटक करायची, की कुणी आतून दार वाजवतंय असं वाटावं. जावयाने जालन्याहून नवा डबा पाठवला. तो महिनाभर खोक्यातच राहिला. मी रागावलो तेव्हा इवाई खाली बघत म्हणाले, "जुना फोन हाये इवाई. नव्या कार्डाला ओळखलं न्हाई त्यानं, मंग? फोन उघडून जोडावा लागंल. तिचा पॅटर्न मला कुठं माहीत हाये?"

शेवटी डिस्कने टकटकही सोडली. मी टॉर्च धरला, त्यांनी नवा डबा जोडला. वायफायचं नाव जुनंच, पासवर्ड जुनाच. यादी कोरी. एकेक करून टीव्ही आला, आमचे फोन आले. इवायांनी चष्मा दोनदा पुसला.

चार वाजले. "सुमन, हाजिर?" काही नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं. कोर्टात तीनदा पुकारतात, मग प्रकरण निकाली निघतं. तिसरा पुकारा त्यांनी केलाच नाही. तेवढ्यात कपाटात काहीतरी घरघरलं, दार हलकंसं थरथरलं, आणि यादीच्या तळाशी नाव उमटलं.

या वेळी मी उठून कपाट उघडलं. फोनवर आवाज बंद केलेला गजर थरथरत होता. खाली तिने लिहिलेलं: 'ह्यांची बीपीची गोळी'. इवायांनी ते बराच वेळ वाचलं.

चारची ती गोळी डॉक्टरांनी विहीणबाईंच्या हयातीतच बंद केली होती. विहीणबाईंनी गजर तेवढा काढला नव्हता.