अडलं की सगळ्यांनी सांगायचं

परभणी स्टेशनावर मुंबईची गाडी जेमतेम काही मिनिटं थांबते, आणि तेवढ्यात तुम्ही सगळ्यांनी मिळून मला उपदेशाचे डोस पाजले होते. थंडीला जप, पासपोर्ट सांभाळ, लोणच्याची बरणी आडवी ठेवू नको. अण्णा तेवढे माझं सामान मोजत राहिले. गाडी हलली तेव्हा खिडकीचा गज धरून बरोबर चालता चालता म्हणाले, "तिकडे काय शिकायचं ते शीक, काय खायचं ते खा. घरात कोणती भाषा बोलायची, ते मात्र कुणाला विचारत बसू नको." मी शेंडेफळ, लाडावलेली. मला वाटलं, निरोपाच्या वेळी वडील दुसरं काही बोलत नाहीत का?

अण्णांची शाळा निजामाच्या राज्यात उर्दूतून झाली, हे तुम्हाला ठाऊक आहे. इकडे जन्मलेल्या पोरांना नाही, म्हणून लिहिते. मराठी अक्षरं त्यांना त्यांच्या आत्याने परातीत ज्वारीचं पीठ पसरून, त्यात बोटाने गिरवून शिकवली. उर्दूवर त्यांचा राग कधीच नव्हता. आजही आकडे उर्दूतच मोजतात, चांगला शेर ऐकला की मान डोलावतात. आपल्या घरात आपण काय बोलायचं हे दुसऱ्याने ठरवावं, याचा त्यांना राग होता.

अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आल्यावर मला कुणी काही ठरवून दिलं नाही. इथे ना निजाम, ना सुलतान. तरी माझ्याच घरातून मराठी निघून चालली होती, आणि तीही आपल्या माणसांच्या कृपेने. आमच्या इथल्या मराठी मंडळात दर वर्षी मुलांची पाठांतर स्पर्धा असते. परीक्षक, गुण, पहिला-दुसरा नंबर, सगळं साग्रसंगीत. सातासमुद्रापार गेलं तरी मराठी माणसाला परीक्षक बसवल्याशिवाय चैन पडत नाही. दीड वर्षापूर्वी माझी सई स्टेजवर मधेच अडली. सगळा हॉल हाताची घडी घालून, आता हिला आठवतं का ते बघत बसला. मागे दोघं-तिघं हसले. परीक्षक देशपांडे काका, रिटायर्ड डॉक्टर, मनाने अगदी भला माणूस, प्रेमाने म्हणाले, "नाइस ट्राय, बेटा." सई खाली उतरली. कारमध्ये तिने एवढंच सांगितलं, "आय ॲम डन, आई." त्या दिवसापासून मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं. फोनवर अण्णांशी "हाय आजोबा", "बाय आजोबा", संपलं. मग अण्णा माझ्याशी पाऊसपाण्याचं बोलायचे. ते मला फार लागायचं.

आमच्या शेजारी एलेनी मावशी राहतात. ग्रीक आहेत, पंचाहत्तरीच्या, आणि मी मावशी म्हटलेलं त्यांना आवडतं. त्यांचे आजोबा थेसालोनिकीजवळच्या खेड्यात तुर्की सुलतानाची प्रजा म्हणून जन्मले. बर्फ काढून दमलो की आम्ही त्यांच्या किचनमध्ये कॉफी पितो आणि त्या मला ग्रीसचे धनी मोजून दाखवतात: आधी रोमन, मग बेटांवर व्हेनिसवाले, मग कितीतरी शतकं तुर्कांचे सुलतान. त्या काळात पाद्री मुलांना लपूनछपून ग्रीक शिकवायचे, अशी गोष्ट त्यांच्याकडे घरोघरी सांगतात. मी म्हटलं, इतिहासकार तर ही दंतकथा आहे म्हणतात. मावशींनी खांदे उडवले. "असेल. तलवारीच्या दंतकथा सगळ्यांकडे असतात. आमच्याकडे शाळेचीसुद्धा आहे."

गेल्या मार्चमध्ये ग्रीकांच्या स्वातंत्र्यदिनाला त्या आम्हाला चर्चच्या हॉलमध्ये घेऊन गेल्या. सई तोंड फुगवूनच आली होती. स्टेजवर ग्रीक शाळेची मुलं पांढऱ्या चुणीदार घागऱ्यांत, एकेक कविता म्हणत होती. इथेच जन्मलेली पोरं, उच्चार अगदी शिकागोचे. एक मुलगा मधेच अडला. पण तो तोंड उघडून उभा असतानाच सगळ्या हॉलने, आज्यांपासून दारातल्या स्वयंसेवकांपर्यंत, पुढची ओळ एका सुरात म्हटली. मुलाने ती उचलली आणि दणक्यात पुढे गेला. नंतर तळलेला मासा आणि लसणाची चटणी खाताना मी विचारलं, पहिला नंबर कुणाचा आला? मावशींना प्रश्नच कळेना. "कशात पहिला? अगं, आमच्यावर राज्य करणारे पुष्कळ होते. आम्हीच आमच्या मुलांना गुण द्यायला बसलो असतो, तर उरलं कोण असतं?"

कारमध्ये सई म्हणाली, "आई, नोबडी लाफ्ड."

मग मी मंडळात भांडले. कडाडून भांडले, आणि मला त्यात मजाही आली. देशपांडे काका म्हणाले, "अगं, स्पर्धा कॅन्सल केली तर मुलं प्रॅक्टिसच करणार नाहीत. स्टँडर्ड खाली जाईल." मी म्हटलं, "काका, बोलणारंच कुणी उरलं नाही तर स्टँडर्ड घालायचं कुठे, लोणच्यात?" ते आधी रागावले, मग हसले. परीक्षकांचं टेबल माळ्यावर गेलं.

गणपतीच्या कार्यक्रमात मुलांनी आपापल्या आजी-आजोबांची गोष्ट सांगायची, एवढंच ठरलं. सईने आपणहून नाव दिलं. मी काही शिकवलं नाही. तिने अण्णांना फोनवर विचारून सगळं जमवलं. स्टेजवर आत्या, ज्वारी, पीठ इथवर छान आली आणि थांबली. पीठ कशात पसरलं, तो शब्दच येईना. हात गोल फिरवून दाखवत राहिली. पहिला आवाज देशपांडे काकांचा आला, "परात!" मग सगळा हॉल, "परात!" सई हसली, म्हणाली, "हो, परात," आणि गोष्ट शेवटापर्यंत घेऊन गेली. त्या टाळ्या मी अजून विसरले नाही. मी चक्क रडले, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मला तिकडची माणसं विचारतात, घर कोणतं, परभणी की नेपरव्हिल? परवापर्यंत माझ्याकडे उत्तर नव्हतं. परवा इथे पहिला बर्फ पडला. मी अण्णांना फोनवर सांगत होते की ड्राइव्हवे साफ करायचाय आणि माझं ते मोडलंय, ते हो, लांब दांड्याचं, माती ओढायचं... शब्द काही केल्या आठवेना. मीच अडले.

जिन्यावरून आवाज आला, "फावडं."

पलीकडून अण्णांनी विचारलं, "कोण बोललं ते?"

"तुमची नात," मी म्हटलं. "आपल्याच घरातून बोलतेय."